दोन्ही घरचं अर्धं अर्धं

कलबुर्गी,
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय प्रेरणास,

सप्रेम जयभीम. जनवाड्यात सगळे खुशाल असतील. मामाचा गुडघा कसाय? मामीला माझा जयभीम सांग. मी बरा आहे, दोन टाइम जेवायलोय, काळजी करू नको.

इथं शरणबसवेश्वराच्या जत्रेत आमचा आकाशपाळणा लागलाय. परवा आळंदची एक म्हातारी बसली आणि ती पार वर असतानाच जनरेटर बंद पडला. आमचे मालक बसवप्रभु खालून ओरडायलेत, "अव्वा, भिऊ नका." म्हातारी वरून म्हणती, "मी कामून भिऊ? तुमीच भ्यायलाव. जन्म चुलीपुढं गेला, जरा बसू द्या की." खाली उतरवली तर परत तिकीट काढली. बसवप्रभु मला म्हणले, "रत्नपाल, हिला कामावर घेतो, तुला सोडतो. ही तरी एका जागी बसती." तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

हे लिहीत बसलो अन् लिहायचं ते राहिलंच. तू म्हणशील फोन कामून उचलत न्हाईस. फोन चांगला आहे. पण फोनवर तू गप्प बसलीस की मला काय बोलावं सुचत न्हाई. कागद गप्प बसला तरी चालतंय.

आधी संबोधीचं सांगतो. मागल्या आठवड्यात माझी अक्का आणि तुझा दादा, आमचे दाजी, लेकीला रक्त चढवायला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणले होते. तुझी परीक्षा होती, तू आली न्हाईस, म्हणून तिथलं लिहितो. तुझी भाची लई बदमाश झालीय. सुई टोचायला मल्लेश्वरी सिस्टर आल्या की स्वतःच हात पुढं करती आणि कानडीत दटावती, "अक्का, मेल्लगे. हळू. मागल्या टायमाला घाई केल्ता तुमी." सिस्टर म्हणल्या, "मग तूच टोच गं बाई, मी झोपते तुझ्या जागी." सगळा वॉर्ड हसला. रक्ताची पिशवी अर्धी झाली की तिच्या ओठाला रंग येतो ना, मी ते बघतच बसतो. तीन आठवडे पुरणारा रंग.

तिथं रक्त नेलं की घरच्या कुणीतरी द्यायला सांगतेत. मी बाही वर केलो. संबोधी म्हणली, "रत्नामामा, तुमचं मलाच देतेत का?" मी म्हणलो, तुलाच, दुसऱ्या कुणाला देतो मी? रक्त घेणाऱ्या बाईनं बोटाला टोचून थेंब बघितला आणि म्हणली, "तुमचंच कमी आहे, चालणार न्हाई." मी म्हणलो, बाई, मी रोज पाळण्याच्या शेंड्यावर चढून नट आवळतो, माझं कमी कसं? तिनं मला सुकन्या मॅडमकडं धाडलं. ह्या आजाराच्या घरांना बसवून समजावून सांगायचं काम त्यांचं.

मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितलो होतो, म्हणून माझं सोडून नव्या औषधाचंच विचारत बसलो. मॅडम कंटाळल्या न्हाईत. म्हणल्या, रक्ताला लाल करणारा एक रेणू असतो, हिमोग्लोबिन. चार धाग्यांचा गुंडा समजा, दोन एका तऱ्हेचे, दोन दुसऱ्या. संबोधीच्या अंगात दुसऱ्या तऱ्हेचा धागा नीट तयारच होत न्हाई. पण बाळ पोटात असताना त्याचं लाल वेगळं असतं, त्यात हा धागा लागतच न्हाई. जन्मल्यावर काही महिन्यांत अंग ते जुनं लाल बंद करतं. आता परदेशात पेशंटच्याच पेशी बाहेर काढून, रेणूचीच एक बारीक कैची करून, ते बंद करणारं बटन कापतेत आणि पेशी परत आत सोडतेत. जुनं लाल परत चालू. कितीतरी जणांना नंतर रक्त चढवावंच लागलं न्हाई.

मी म्हणलो, "मॅडम, म्हंजे आईच्या पोटातलं रक्तच तिला जन्मभर पुरंल?"

"तसंच समजा," म्हणल्या. मग आपल्याकडं कधी, विचारलो. आधी जालीम औषध देऊन हाडातला मगज रिकामा करावा लागतो, ते सोपं न्हाई, आणि किंमत आपल्यासारख्याच्या तोंडात मावत न्हाई. पण इकडं पण संशोधन चालू आहे, पोरगी लहान आहे, धीर सोडू नका म्हणल्या. हे अक्काला सांग. दाजीला सांगू नको, ते लगेच सगळ्या गावाला सांगत सुटतील.

मग मॅडमनी माझं रक्त काढून तपासायला दिलं.

लिहिता लिहिता मधी उठून गेलो होतो, पाळण्याची बसायची एक पाटी कुरकुर करायलीती. बसवप्रभु म्हणले, काय लिहायलास, इतका येळ? मी म्हणलो, घरी.

तू बिदरला कॉलेजच्या शिबिरात तपासलीस, तुझ्यात संबोधीच्या आजाराचं अर्धं निघालं. हे आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक न्हाई. तू मला एवढंच म्हणलीस, "रत्ना, तू पण तपास, मग अप्पाला आपल्या लग्नाची तारीख धरू दे." मी व्हय व्हय म्हणलो आणि हुमनाबादच्या जत्रेला निघून गेलो, तिथून बसवकल्याण, तिथून आणि कुठं कुठं.

काल रिपोर्ट आला. माझ्यात पण अर्धं आहे, प्रेरणा.

दोघं असे असले की दर बाळंतपणाला चारात एक वाटा संबोधीसारखं होण्याचा. पोटात असतानाच तपासता येतंय, हैदराबादला. बरेच जण तसं करतेत, त्यात वाईट काही न्हाई, मॅडम म्हणल्या. पण मला तू आठवलीस. मागल्या थंडीत संबोधी तापानं फणफणली होती आणि मामी बोलून गेल्या, असलं पोटातच कळलं असतं तर सुटलो असतो. तू म्हणलीस, "आई, ती जागी आहे." मग अंगणात येऊन मला विचारलीस, "मी असं कळून पाडलं, तर परत संबोधीच्या तोंडाकडं कसं बघू?"  

तू म्हणशील, लेकरूच नको, आपण दोघं बास. तू म्हणणार, मला माहीत आहे. पण कुणाचंही लेकरू रडलं की तुझे हात आधी पुढं जातेत. ते हात माझ्यापायी रिकामे बघत मी म्हातारा होऊ शकत न्हाई. हे मी एकट्यानंच ठरवायलोय, तुला राग येईल. येऊ दे.

अक्का तुमच्या घरी दिली, तू आमच्या घरी यायची. साटंलोटं. मामा म्हणायचे, रगत घरातल्या घरात ऱ्हावं, बाहेरचं कशाला. मी आधी ठरवलो होतो, मामाला कळवायचं की मला घर करायचं न्हाई, मी आपला फिरस्ता. सगळ्यांना पटलं पण असतं. तुझं झाकून राहिलं असतं. पण मामी आमच्या गावाचं नाव घेऊन अक्काला काय म्हणतेत तू रोज ऐकतीस. "हळ्ळीखेडची खोट आमच्या घरात आली." अक्का खाली बघून भांडी घासती. मी खोटं सांगितलो तर ते तिच्याच अंगावर राहतंय.

म्हणून खरं ते तूच घरी सांग. माझं एकट्याचं सांगितलीस तर मामीचंच खरं ठरतंय. तुझं पण सांगावं लागेल. एका बाजूनं हे होतच न्हाई, दोन्ही घरचं अर्धं अर्धं लागतंय. अक्काचं तसं दाजीचं, माझं तसं तुझं. तुझ्या लग्नाच्या वयात हे तुझ्यावर टाकायलोय, मला कळतंय. मामी रडतील. अक्का इतके दिवस एकटीच रडलीय.

पुढं ज्याच्याशी जमेल त्याला आधी तपासायला लाव. चिडला तर तो नको.

आपल्यात मामाच्या पोरीला कुणी बहीण म्हणत न्हाई, लोक हसतील. मला पण तोंडानं म्हणायला जड जाईल, म्हणून आधी कागदावर लिहून बघायलोय.

तुझा भाऊ,
रत्नपाल