तिसरं पान

वेस्ट मांबलम, चेन्नई
८ जुलै २०२४

चि. सुनेत्रास अनंतदादाचे अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. पोट दुखलं म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर त्याने हात लावायच्या आधीच सोनोग्राफी लिहून दिली. तिथली मुलगी मला 'तात्ता' म्हणाली. इथल्या आवडी गावातल्या कारखान्यात माझ्या हाताखाली साठ माणसं होती, आणि इथे मी पोटाला गार जेली फासलेला कुणाचा तरी आजोबा! सोनोग्राफी म्हणते, यकृतावर ठिपका आहे. मग सीटी स्कॅन. तो म्हणतो, ठिपका बहुधा निरुपद्रवी, पण खात्रीसाठी एमआरआय करा. कारखान्यात असलं मोजमाप कुणी आणलं असतं तर मी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. आता पोट दुखत नाही. तिसऱ्या मशीनपुढे मी आडवा होणार नाही, डॉक्टरकडेही जाणार नाही. सरोजिनीला तसं सांगून टाकलंय.

तू तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढलेस, म्हणून झेरॉक्स पाठवतोय. वाच आणि हस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
अनंत

मिरज
१६ जुलै २०२४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

हसले, पण तुला. कारखान्यात लांबी पट्टीने मोजायचास आणि वजन काट्यावर, तेव्हा वजन सांगत नाही म्हणून पट्टीला खोटारडी म्हणालास का? सोनोग्राफी आवाजाच्या पडसादावर चालते. आतड्यात गॅस असला की तिला पलीकडचं दिसत नाही. तुझ्या रिपोर्टात लिहिलंयच, डावं मूत्रपिंड नीट दिसलं नाही. सीटी गॅसपलीकडचंही दाखवतो. ठिपका नक्की कशाचा, हे कधीकधी एमआरआयलाच विचारावं लागतं. यात भांडण कुठे आलं?

आणि सीटीच्या पानांखाली 'तीनपैकी एक', 'तीनपैकी दोन' छापलंय. दुसरं पान यकृतावर संपतं. तिसरं कुठाय? झेरॉक्सवाल्यावर ढकलू नकोस. दवाखान्यात मशीनला सगळ्यात मोठ्याने शिव्या घालणारा माणूस रिपोर्ट वाचून बसलेला असायचा.

सरोजिनीवहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ ठेव.
सुनेत्रा

वेस्ट मांबलम, चेन्नई
२ ऑगस्ट २०२४

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

तिसरं पान माझ्याकडेच होतं. डाव्या मूत्रपिंडात अडीच सेंटिमीटरची गाठ, कर्करोगाची शंका. लॅबच्या पायरीवर उभ्याने वाचलं, घडी घालून खिशात टाकलं, मांबलम स्टेशनाबाहेर सरोजिनीसाठी मोगरा घेतला आणि घरी येऊन म्हणालो की मशीनवाले मूर्ख आहेत. पुढे तीन आठवडे तेच म्हणत होतो.

तुझं पत्र तिने आधी उघडलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की इतके दिवस ती माझ्याशी सांबारातल्या मिठावरून भांडत होती, आणि मी तिला भांडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला डॉक्टरकडे नेलं. एमआरआय झाला. यकृतावरचा ठिपका म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. गाठ मात्र काढायची आहे. लहान आहे, मूत्रपिंडाचा तेवढाच भाग जाईल. आणखी वर्षभर घरी बसला असतात तर, असं सर्जन म्हणाला आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

ऑपरेशन बारा तारखेला आहे. सरोजिनी बाहेर एकटी बसेल, तिच्यासाठी ये. माझी टवाळी करायची तर तीही कर. भूल चढेपर्यंत मला भीती वाटणार आहे. हे तिला काल सांगितलं, आज तुला सांगतो.

तुझा,
दादा