बिनउंबऱ्याचं घर

जुळे सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय वैजू,

फोनच केला असता, पण तू ‘बोल पटकन’ म्हणतेस आणि मग मला काही सुचत नाही. म्हणून हे पत्र.

तुझी आई सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागली, हे बाबांनी सांगितलंच असेल. गुरुशांत आर्किटेक्चरच्या कॉलेजात मला दोन वर्षं ज्युनिअर होता, माझी ड्रॉइंग्ज बघून शिकायचा. आता त्याच्याच ऑफिसात बसून मी पोरांकडून कॉम्प्युटरवर भिंत काढायला शिकते. पोरं ‘मॅम’ म्हणतात आणि माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करतात. लाज वाटते, पण घरी बसण्यापेक्षा ते बरं. मल्हारला भरवणं, पुसणं, चाकांच्या खुर्चीत बसवून फिरवणं, यातच माझी पंधरा वर्षं गेली. तुझा भाऊ गेल्यापासून सकाळी दहानंतर या हातांना कामच उरलं नव्हतं.

पहिलं काम मिळालं ते सांगोल्याकडच्या केराबाईंच्या घराचं. मेंढरं राखून म्हातारीने डाळिंबाची बाग उभी केलीय. नकाशा माझाच. परवा जागेवर चुन्याची फक्की मारून खोल्या आखल्या, तर केराबाई त्या पांढऱ्या रेघांतून खरंच घर असल्यासारख्या चालू लागल्या. भिंतीवर पाय पडू दिला नाही, दारातूनच आत-बाहेर. दार आलं की लुगडं सावरून पाय उचलायच्या. मग थांबून म्हणाल्या, “बाई, उंबरा कुटं काडलाय? लक्ष्मीनं पाय कुटं ठिवायचा?” मी कागद उघडला. एकाही दाराला उंबरा नव्हता. दारं सगळी साडेतीन फुटी, न्हाणीघर खोलीएवढं, पायऱ्यांच्या जागी लांब उतार. त्या हसून म्हणाल्या, “आमच्यात पांगळं कुनी न्हाय की वो. हे घर कुनाचं काडलंय तुमी?”

वैजू, मी मल्हारचं घर काढलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. मी तिथेच बांधावर बसून रडले. केराबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं.

परतीच्या एसटीत एकच गोष्ट टोचत राहिली. मल्हारची खुर्ची वळायला किती जागा लागते, हे माझ्या हाताला पाठ होतं. तुला किती लागते ते आठवेना. आठवणार कसं? तुझी खोली मोडून त्याचं न्हाणीघर केलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. ‘थोडेच दिवस’ म्हणाले होते मी. दहावीचा अभ्यास तू ओट्याशेजारी स्टुलावर बसून केलास, मी भांडी घासत असताना. कधी कुरकुर केली नाहीस, आणि माझी पोर किती शहाणी, असं मी सगळ्यांना सांगत राहिले. ते मला सोयीचं होतं.

तेराव्या दिवशी बॅग भरताना तू म्हणालीस, ‘या घरात मी पाहुणीच होते, आई.’ मला संताप आला. पोरगं जाऊन तेरा दिवस झाले आणि हिला खोलीचं पडलंय, असं मी तुझ्या मावशीला बोललेसुद्धा. तू नंतर आलीच नाहीस. सव्वा वर्ष झालं. तू खरं तेच बोलली होतीस.

आता पत्राचं कारण. आपल्या दाराचा उंबरा खुर्चीसाठी मीच उखडला होता. रेवणप्पा गवंडी काल काळ्या दगडाचा नवा उंबरा बसवायला आला आणि मी त्याला परत पाठवलं. उंबरा बसला की मल्हारची खुर्ची आत येणार नाही, असं वाटलं. खुर्ची मीच देऊन टाकलीय, तरी वाटलं. रेवणप्पा पुढच्या रविवारी पुन्हा येतोय. तुझ्याशिवाय मला ते बघवणार नाही. तू ये. त्याच दिवशी न्हाणीघराची फरशी काढून तिथे तुझी खोली करायला घेऊ. मी कागदावर चार भिंती काढल्या आणि थांबले. तुला पलंग कुठे हवा, खिडकी कुठल्या बाजूला आवडते, मला ठाऊक नाही. एवढी घरं काढली मी, पोटच्या पोरीची खोली काढता येत नाही. तू येऊन सांग.

वाट बघणारी, तुझीच,
आई