ब्लॉग कुठं न्यायचा?

८ जुलै

हलकट! दुसरा शब्दच नाही.

सकाळी नीलमचा फोन. बेळगावजवळच्या सांबऱ्याची नीलम, माझा ब्लॉग पहिल्यापासून वाचणारी. तिच्या धाकटीलाही माझ्या लेकीसारखीच, ब्राह्मीसारखीच शुगर. रोज सुई.

'ताई, ती पावडर तुमी पण देतासा काय ब्राह्मीला? मागवू काय?'

कसली पावडर?

'तुमच्याच ब्लॉगवर हाय की. इन्सुलिन बंद करा म्हणून.'

उघडून बघितलं. माझा लेख — 'इन्सुलिन एक दिवसही चुकवायचं नाही' — आणि बरोबर त्याच्याखाली हिरव्या डब्याची जाहिरात. 'सुईला कायमचा रामराम!' अक्षरं माझ्या लेखासारखीच. कुणालाही वाटेल मीच लिहिलंय.

मी लावलेली नाही. मला विचारलेलं नाही. ब्लॉगला जागा फुकट देतात म्हणून माझ्या शब्दांखाली विष विकायचं?

नीलमला ओरडूनच सांगितलं, 'सुई बंद केलीस तर पोर हातची जाईल!' ती रडायला लागली. तिला कशाला रडवलं मी? ज्यांना रडवायचं ते कुठं सापडतात!

९ जुलै

ब्लॉगवाल्या कंपनीकडं तक्रार केली. उत्तर लगेच आलं — यंत्राचं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' जाहिरात जागेवरच.

११ जुलै

आमचे हे, जिनेंद्र, उद्यमबागेतल्या कारखान्यातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, मग म्हणाले, 'हलीव की मग दुसरीकडं. एवढं डोक्यात कशाला घेतीयास?'

एवढं?

ब्राह्मी तिसरीत असताना शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी शुगर सांगितली. मराठीत वाचायला एक ओळ मिळेना मला! सगळं इंग्रजी, नाहीतर म्हाताऱ्यांच्या शुगरचं. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, मग पहाटे पोरीची शुगर उतरते — काय करायचं? चतुर्दशीला सगळं घर उपास करतं, तिला कसं समजवायचं? कुठंच नव्हतं. म्हणून मी लिहायला लागले. चुकत, रडत, दळण निवडता निवडता.

आणि कमेंट्स! लेखांपेक्षा त्या मोलाच्या. फ्रीज नसला तर इन्सुलिन माठात कसं गार ठेवायचं, हे मला कुठं ठाऊक होतं? चिकोडीच्या रुक्माबाईंनी लिहिलं ते. नातवाकडून टाइप करून घेऊन.

हलीव म्हणे. ज्वारीचं पोतं आहे काय?

१४ जुलै

पुण्याच्या कुठल्याशा आरोग्याच्या ॲपवाल्या बाईंचा फोन. जिनेंद्रनी नंबर दिलेला — मला न विचारता!

'मॅम, तुमचं कंटेंट खूप ऑथेंटिक आहे. आम्ही सगळं आमच्याकडे घेतो. फक्त भाषा थोडी क्लीन करू.'

क्लीन! मी विचारलं, घाण कुठं दिसली?

'तसं नाही, पण ते "लई", "आलतो", "न्हाई"... रीडरला रिलेट व्हायला हवं ना.'

अहो बाई, माझा रीडर सांबऱ्यात आहे, निपाणीत आहे. तो 'लई'लाच रिलेट होतो!

कमेंट्सचं विचारलं. 'त्या नाही येणार. नवीन कम्युनिटी बिल्ड करू आपण.' वाचायलाही लॉगिन पाहिजे म्हणे. नीलमच्या घरात तिचा नि नवऱ्याचा मिळून एक फोन. ती कुठं लॉगिन करत बसेल?

फोन कट केला.

१५ जुलै

जेवताना भांडण.

जिनेंद्र: 'केवढं नाव झालं असतं तुझं.'

नाव कुणाला पाहिजे!

सासूबाईंनी मध्येच तोंड घातलं. 'झालंय ते नाव बास की. गावभर केलंस पोरीचं. उद्या स्थळ कोण आणंल?'

'शुगर हाय तिला, चोरी न्हाई केली तिनं! लपवायचं काय त्यात?'

ब्राह्मी ताटावरून उठली. इन्सुलिन घेऊन अर्ध्यावर उठायचं म्हणजे शुगर उतरणारच! मागं धावले, दूध प्यायला लावलं. प्यायली. माझ्याकडं बघितलंही नाही. स्थळाचं बोलणं लागलं असणार. सोळा वर्षांच्या पोरीसमोर असलं बोलतात? सासूबाईंशी बोलायचंच सोडलंय.

१८ जुलै

जाहिरात हलली नाही. आता दोन आहेत!

२१ जुलै

ठरलं!

निपाणीची निशा आलती. माझी शाळेतली मैत्रीण, कॉम्प्युटर शिकवते. तिनं दुसरी जागा दाखवली. जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, साधंसुधं. लेख आपोआप जातात. कमेंट्स तेवढ्या हातानं उचलून न्यायच्या.

'लई काम हाय गं,' म्हणाली. असू दे. एकही सोडणार नाही. माझी एक ओळ कुणी 'क्लीन' करणार नाही.

२ ऑगस्ट

झालं एकदाचं. मान आखडलीय.

रुक्माबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची माठाची कमेंट नव्या जागी डकवली आणि मोठ्यानं म्हटलं — 'नाही येणार म्हणे! आली की!' सासूबाई बघतच राहिल्या.

जुना ब्लॉग बंद. त्या हिरव्या डब्याचं दुकान उठवलं मी.

नीलमचा फोन. 'ताई, आता गुगलवर नुसतं बेळगाव शुगर लिवलं तरी तुमचंच पयलं येतंय!'

जिंकले!

६ ऑगस्ट

ब्राह्मी कॉलेजला गेली नाही. कालही घरातून गेली, पण वर्गात बसली नव्हती. मला आज कळतंय.

वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी माझा ब्लॉग टाकला. पाचवीच्या सहलीत शुगर उतरून बसमध्ये तिचे कपडे ओले झाले होते, तो लेख. नावासकट. मोठ्यानं वाचून दाखवला एकानं.

मी तशीच चप्पल घालायला लागले. प्रिन्सिपलना भेटते, एकेकाला बघते —

'कुणाकुणाशी भांडणारेस, मम्मी? त्यांनी न्हाई लिहिलं ते.'

मी थांबले.

'पप्पांशी भांडलीस. पुण्याच्या त्या बाईंशी भांडलीस. नीलममावशीला वाचायला जमंल का, ते पण बघितलंस. मला एकदा तरी विचारलंस?'

लॅपटॉप तिच्याकडं दिला — काय ठेवायचं, काय काढायचं ते तूच ठरव म्हणून. दार लावून बसलीय.

सासूबाई हळूच म्हणाल्या, 'सगळंच काढून टाकायलीय काय गं?'

ठाऊक नाही, म्हटलं. दारही वाजवलं नाही.