निळी ज्योत विझेपर्यंत

कोइवुलाहती
रविवार, १४ सप्टेंबर २०१४

प्रिय तौनो,

तू बरा असशील, गुडघा कुरकुरत असेल आणि तू अजून डॉक्टरकडे गेला नसशील असं धरून चालते. इथे सगळं ठीक. बटाटे काढून झाले, लाल बोरांचा मुरंबा भरून झाला. सकाळी तळ्यावर धुकं उतरतं ते दहा वाजेपर्यंत हलत नाही. मी कॉफी घेऊन खिडकीशी बसते तेव्हा पलीकडचा काठ आहे की नाही हेही कळत नाही. आई असताना धुकं पडलं की मला कामं उरकायची घाई व्हायची. आता नुसती बघत बसते. अर्धा तास कुठे जातो समजत नाही.

बातमी अशी की आपल्या आजोबांनी बांधलेली घर तापवायची भट्टी पाडली. गेल्या हिवाळ्यात तिला मनगटाएवढी भेग पडली होती, धुराडं साफ करायला येतो त्याने पेटवायला मनाईच केली. ओउतीला अर्थात आनंद झाला. "आई, पासष्टाव्या वर्षी सरपण कसलं फोडतेस? भिंतीवर यंत्र लावू, बटण दाबलं की ऊब." मी म्हटलं, "आणि वीज गेली की तुझं बटण उकळून पिऊ का?" लेक माझीच, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच गवंडी शोधून दिला.

गवंडी कोण, तर वेइक्को. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून तुझ्या सदऱ्यात बर्फ टाकायचा, तोच. आता पोट सुटलंय, पण विटेला हात लावतो तो तान्ह्या बाळाला लावावा तसा. जन्मभर भट्टीसमोर बसलेल्या मला तो आग पेटवायला शिकवतो आहे. म्हणे आपण सगळे आजवर उलटं करत आलो. जाड फाटे खाली रचायचे, झिलप्या वर, आणि मेणबत्तीसारखं वरून पेटवायचं. म्हणजे खालच्या लाकडाचा धूर ज्योतीतूनच वर जातो आणि जाताना जळून जातो. लाकूड दोन उन्हाळे वाळलेलं हवं. हवा भरपूर द्यायची, एकदाच मोठी आग करायची आणि सगळी ऊब विटांना पिऊ द्यायची, मग दिवसभर बघायला नको. धुराड्यावर धूर दिसता कामा नये, नुसती हवा थरथरताना दिसली पाहिजे.

शेजारचा पेन्ती मात्र ओली लाकडं घालतो, हवा कोंडतो, म्हणजे आग रेंगाळून पुरते. त्याच्या छपरावर कायम करडा ढग बसलेला असतो. वेइक्को म्हणाला, "याच्या घरात ऊब कावळ्यांना मिळते." पेन्तीने ऐकलं असणार, कारण संध्याकाळी तो मासे घेऊन आला आणि वेइक्कोला एकही दिला नाही.

जुन्या भट्टीच्या विटा निघताना बघणं बरं वाटलं नाही. आतून त्या काचेसारख्या काळ्या झाल्या होत्या. धुराड्याची झडपही निघाली, ती लोखंडी, सरकवायची. वेइक्कोने ती पुसली, उजेडात धरली आणि काहीतरी विचारलं. मी त्याच्या कपात कॉफी ओतली. कप भरलेलाच होता. बशी, टेबल, त्याची मांडी, सगळं भिजलं.

तर असं. तुझ्या ब्रिताच्या थडग्यावर माझ्याकडून एक फूल ठेव.

तुझी,
हिल्का

ता. क. ती झडप फेकलेली नाही. सौनाच्या न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवली आहे.


कोइवुलाहती
रविवार, २ नोव्हेंबर २०१४

प्रिय तौनो,

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या बोरोसचं ते तळं चित्रात फार निळं आहे, इतकं निळं खरं नसणार. कार्डावर तू चारच ओळी लिहिल्यास. तीन गुडघ्याबद्दल. चौथी अशी: "झडपेवर लक्ष ठेव, माझ्यासारखं करू नकोस."

ती ओळ वाचल्याला आता अकरा दिवस झाले. कार्ड मी आधी भाकरीच्या डब्यामागे ठेवलं, मग कपाटात, मग स्तोत्रांच्या पुस्तकात. कुठेही ठेवलं तरी सापडतंच.

आधी भट्टीचं सांगते, ते सोपं आहे. भट्टी उभी राहिली. पांढरी, कोपरे गोल, बाजूला बसायला ओटा. नव्या विटांत पाणी असतं, म्हणून दोन आठवडे रोज मूठभर झिलप्यांचीच आग करायची आणि झडप उघडीच ठेवायची, असं वेइक्कोने बजावलं होतं. तशा आगी मी केल्या. दुपारी चारला इथे अंधारायला लागतं. तेव्हा पेटवायची आणि समोर स्टूल टाकून बसायचं. आधी बर्चच्या लाकडाची साल चुरचुरते, मग झिलप्या एकेक करून माना टाकतात. माझ्या डोळ्यांसमोर कधी आई यायची पीठ मळताना, कधी तू, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून आगीत बघत बसलेला. "तौनो, तुझ्या डोक्यात काय शिजतंय?" आई विचारायची, आणि तू म्हणायचास, "काही नाही, आत एक गाव आहे." मला ते गाव कधी दिसलं नाही. या महिन्यात दिसायला लागलं. त्याला रस्ते आहेत, खिडक्या आहेत, आणि हळूहळू एकेक खिडकी विझत जाते.

शेवटी निखाऱ्यांवर निळी ज्योत फिरते. ती पूर्ण गेल्याशिवाय झडप लावायची नाही, हे आपल्याला चालायच्या आधी शिकवलं होतं. लवकर लावली तर विषारी हवा घरात राहते, उशिरा लावली तर ऊब आभाळात जाते. आणि आपल्या घरचा दुसरा नियम, आजोबांचा: जो पेटवेल त्यानेच झडप लावायची, मध्ये दुसऱ्याने हात घालायचा नाही.

वेइक्कोने तेव्हा काय विचारलं ते आता लिहिते. ती झडप उजेडात धरून तो म्हणाला, "बघ, भोकसुद्धा नाही. आता झडपेला भोक ठेवावंच लागतं. हीच ना ती? तौनोने विसरून लवकर लावली होती ती?" आणि मग हळूच म्हणाला, "पंधरा वर्षांचं पोर होतं गं."

तेव्हा मी कॉफी ओतली.

फेब्रुवारी अडुसष्ट, शनिवार. उणे छत्तीस. आई मावशीकडे गेली होती. बाबा जंगलातून ताप घेऊन आले होते आणि भट्टीमागच्या खोलीत झोपले होते. तू दुपारी आग पेटवलीस, निखारे होईपर्यंत बसलास, मग बादली घेऊन तळ्यावर गेलास, कारण बर्फातलं भोक गोठून बंद झालं होतं आणि ते परत फोडायचं होतं. हे सगळं तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत नाही.

मी गोठ्यातून आत आले. रात्री शाळेत नाच होता. मला सौनात जाऊन केस धुवायचे होते, आणि परत आल्यावर ते वाळवायला खोली गरम हवी होती. भट्टीचं दार उघडलं. निखारे लाल होते, आणि मागच्या कोपऱ्यात, अगदी मागे, दोन निळ्या ज्योती होत्या. बोटाच्या पेराएवढ्या. मी त्या पाहिल्या, तौनो. दिसल्या नाहीत असं नाही. मी मनात म्हटलं, विझतीलच आता. तुझी वाट बघितली असती तर सगळी ऊब गेली असती असंही म्हटलं. हात वर केला आणि झडप सरकवली. मग टॉवेल घेतला आणि सौनात गेले. तिथे मी गाणं म्हणत होते.

बाहेर आले तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि बाबा पायरीवर बर्फात होते. तू त्यांना ओढत आणलं होतंस. तू आत शिरताच झडप उघडलीस, दार उघडलंस, सगळं बरोबर केलंस. पण उशीर झाला होता. माझे केस ओले होते. ते गोठून काड्यांसारखे कडक झाले आणि मान हलवली की वाजायचे. तो आवाज मला अजून येतो.

संध्याकाळी आई आली. तिने तुला एकच विचारलं, "झडप लावलीस का तू?" तू स्वतःच्या हाताकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "लावली असेन."

आग पेटवली होतीस तू, म्हणजे झडप लावणारही तूच, असं सगळं गाव धरून चाललं. आणि तू तर आगीत गावं बघणारा पोरगा, विसरला असणार. मी भिंतीशी उभी होते. उद्या सांगते म्हटलं. दफन झालं की सांगते म्हटलं. तू सतराव्या वर्षी स्वीडनला जायला निघालास, बसमध्ये चढलास, तेव्हा मी तुझ्या हातात वेलदोड्याच्या पावांची पिशवी दिली आणि म्हटलं, "जपून राहा." आई गेली तेव्हा तर आता सांगून कोणाचं भलं होणार, असं स्वतःला पटवलं. स्वतःला पटवण्यात मी हुशार आहे, लहानपणापासून.

ब्रिताने मला एकदा फोनवर सांगितलं होतं की तू जानेवारीतही खिडकी अंगठाभर उघडी ठेवून झोपतोस आणि झोपण्याआधी ओव्हन तीनदा बघतोस. दुसऱ्या वेळी, रडत रडत, तिने सांगितलं की मुलं नकोत असं तू म्हणालास. "मी विसराळू माणूस आहे, माझ्या हाती लेकरू देऊ नये." मी तिची समजूत घातली. विचार कर, तिची समजूत मी घातली. त्या दिवशीही मी मूग गिळून बसले, आणि फोन ठेवून गाईंना चारा घालायला गेले.

तू काही विसरला नव्हतास. तुझी आठवण चोख होती. झडप लावल्याचं तुला आठवत नव्हतं, कारण तू ती लावलीच नव्हतीस.

काल सगळ्या मृतांचा दिवस होता. बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेले. सगळं आवार दिव्यांनी भरलं होतं, बर्फ भुरभुरत होता, आणि माणसं हळू बोलत फिरत होती, जणू कोणी झोपलंय. वेइक्को आपल्या आईच्या थडग्याशी होता. मी त्याच्याजवळ गेले आणि सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात. त्याने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, "मग हे मला काय सांगतेस, हिल्का? त्याला सांग." आणि मला घरी सोडायला न थांबता निघून गेला. बरोबरच केलं त्याने. रात्री ओउतीलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मामा दर नाताळात फोन करायचा, आणि तू त्याच्याशी हवेबद्दल बोलायचीस."

माफ कर असं मी लिहीत नाही. मागायला मला तोंड नाही, आणि माफी मिळाली तर मी लगेच हलकी होऊन सौनात गाणी म्हणायला लागेन, तशीच आहे मी. तुला रागवायचं असेल तर रागाव. हे पत्र पेन्तीला, चर्चला, ज्याला हवं त्याला दाखव. तुला मला परत कधीच लिहायचं नसेल तरी माझी तक्रार नाही. फक्त खिडकी लावून झोप. एकदा झोपून बघ.

आता भट्टीचं उरलेलं. दोन आठवड्यांच्या छोट्या आगी शुक्रवारी संपल्या. पहिली मोठी आग करायची आहे. दोन उन्हाळे वाळलेलं बर्च मी भट्टीत रचून ठेवलंय, जाड फाटे खाली, झिलप्या वर. काडी ओढली की झालं. पण ती मी ओढणार नाही. घरचा नियम तुला माहीत आहे: जो पेटवेल तोच झडप लावेल. या झडपेला मी अजून बोट लावलेलं नाही. ती उघडी आहे आणि घरातली ऊब धुराड्यातून तळ्यावर जाते आहे. मी स्वयंपाकघरातल्या चुलीजवळ दोन स्वेटर घालून झोपते. वेइक्को म्हणेल, कावळ्यांची चैन आहे.

स्टॉकहोमहून बोट आहे, तुर्कूहून गाडी, कायानीला मी घ्यायला येईन. बर्फात गाडी चालवायला ओउती मनाई करते, तरी येईन. पहिली आग तू पेटव. समोर बसून तुझं गाव बघ, हवा तेवढा वेळ. निळी ज्योत पूर्ण गेली की झडप तू लाव, तुझ्या हाताने. त्या वेळी घरात झोपलेलं कोणी असेल तर ती मी असेन. मागच्या खोलीत, दार लावून, निश्चिंत.

नाही आलास तरी ती उघडीच राहील.

पाकीट बंद करण्याआधी एक ओळ सुटी लिहिते, म्हणजे बाकीचं फाडलंस तरी एवढी कापून ठेवता येईल:

झडप तू लावली नव्हतीस.

ती लावणारी,
तुझी बहीण हिल्का