चंदनाखालचा आकडा

प्रिय रघू,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शनिवारी तू मधुमिताला न्यायला येणार, सोमवारी ती चेन्नईच्या कंपनीत रुजू होणार, असं तू ठरवलंस आणि तिने मान डोलावली. पोर तुझी आहे. पण विजयादशमीला इथे काय घडलं ते आधी ऐकून घे, कारण ती स्वतः सांगायची नाही. साऱ्या कुंभकोणमशी तावातावाने बोलणारी ही मुलगी तुझ्यासमोर मात्र मुकी होते.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आठ-पंधरा दिवस मदतीला म्हणून आली. आमचं काम तुला ठाऊकच आहे: लग्नामुंजीचा स्वयंपाक, आणि हंडे, शेगड्या, इडलीची पात्रं, ग्राइंडर सगळं जीपमागच्या ट्रेलरवर लादून गावोगाव नेणं. ह्यांना क्लच दाबवेना. तू म्हणालास, आता ट्रेलर विकून टाका. मधूने जीपची किल्ली उचलली आणि इन्नंबूरच्या मोकळ्या रस्त्यावर ट्रेलर मागे घ्यायचा सराव करत बसली. पहिले काही दिवस ट्रेलर डावीकडे आणि ही उजवीकडे. शेतातले लोक काम टाकून बघत होते. हिला त्याचं काही नाही.

मग ती टायरांपाशी आली. तुझ्या भावोजींचा नेम असा, की जीपचे टायर झिजले की ते ट्रेलरला बसवायचे. त्याला ते ‘पेन्शनीत काढणं’ म्हणतात. शिवाय त्यांत हवा जरा कमीच ठेवायची, म्हणजे भांडी खडखडत नाहीत! मागच्या वर्षी तिरुवलंचुळीच्या वळणावर असाच एक टायर फुटला आणि रसमचं पातेलं रस्त्यावर लवंडलं, तरी दोष रस्त्याचाच ठरला. मधूने काय केलं, तर नेहमीचं सगळं ओझं, भरलेले सिलिंडरसुद्धा, ट्रेलरवर चढवलं आणि तो थेट राइस मिलच्या वजनकाट्यावर नेऊन उभा केला. आकडा ऐकून माझेच डोळे पांढरे झाले. इतकी वर्षं आपण हे कशाच्या जिवावर ओढत होतो, कुणास ठाऊक.

टायरच्या दुकानात मी बरोबर होते. माणसं बसायच्या गाडीचा टायर अंगाने मऊ असतो, धक्का लागू नये म्हणून. ओझ्याला जाड अंगाचा हवा आणि तोही आपल्या वजनापेक्षा जास्त पेलणारा, हे तिने मला रस्त्यातच समजावलं होतं. दुकानदार रुंद, चकचकीत टायर गळ्यात मारू बघत होता. तिने वाकून टायरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचली आणि हा माल केव्हाचा पडून आहे ते त्याला तमिळमध्ये ठणकावून सांगितलं. मग माझ्याकडे वळून आपल्या मराठीत हळूच म्हणाली, की आत्या, चल, दुसरं दुकान बघू. रघू, तेव्हा मला इतका अभिमान वाटला की मी त्या दुकानदाराकडे उगीचच रागाने बघितलं.

आता विजयादशमीचं ऐक. त्या दिवशी तिरुक्कडैयूरला एका साठीशांतीचा स्वयंपाक आमच्याकडे होता. आदल्या दिवशी आयुधपूजा. पूजेत ठेवलेल्या हत्याराला पूजेच्या दिवशी हात लावायचा नाही, हा आपला रिवाज. ह्यांनी पूजा मांडली ती दृष्ट लागेल अशी, पळी-झाऱ्यापासून ट्रेलरपर्यंत. नव्या टायरांना तर हातभर चंदन फासलं, वर कुंकू. विजयादशमीच्या पहाटे मधू ट्रेलरच्या खिळ्याला टांगलेला काटा घेऊन हवा बघायला आली. गाडी चालून टायर तापायच्या आधीच मोजायची असते. मोजली, तर हवा बरीच कमी. पूजेआधी ह्यांनी सवयीने थोडी सोडून दिली होती, भांड्यांच्या काळजीने. आणि किती भरायची तो टायरवरचा आकडा गेला होता चंदनाखाली. तिला तो पाठ होता, पण ह्यांना पटेना.

तिने ओलं फडकं घेतलं. पूजेचं चंदन कुणी पुसतं का? ह्यांनी काठी आपटून घर डोक्यावर घेतलं. मी मध्ये जाणार होते, पण ती शांतपणे पुसत राहिली, ह्यांचं बोट धरून आकड्यावर टेकवलं आणि बॅटरीवरच्या पंपाने तेवढी हवा भरली. ट्रेलरचा भार जीपच्या पाठीवरही येतो, म्हणून जीपच्या मागच्या चाकांतही थोडी वाढवली. मग वाटीतलं उरलेलं चंदन घेऊन चाकाच्या मधोमध नीट टिळा लावला, वर कुंकू, आणि ह्यांना वाकून नमस्कार केला. चाकाखाली लिंबू ठेवलं ते ह्यांनीच.

वाटेत एक बस अचानक आडवी थांबली. मधूने जीप आवरली, मागचा ट्रेलर इकडचा तिकडे झाला नाही, हंड्याचं झाकणसुद्धा हललं नाही. पुढे चहाला थांबलो तेव्हा तिने तळहात लावून टायर बघितले. काट्यावर हवा वाढलेली दिसली तेव्हा हे सोडायला निघाले, तर म्हणाली, आकडा थंड टायरचा असतो, तापल्यावर वाढणारच. ह्यांनी हात मागे घेतला! लग्नानंतर कुणाचं ऐकताना मी ह्यांना प्रथमच बघितलं. आठाच्या आधी पानावर गरम इडली पडली, आणि हे काठी टेकत जो भेटेल त्याला सांगत होते, ही आमची मधू, हिने आणलं सगळं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, पुढच्या दोन बोलावण्यांत लोकांनी गाडी कोण चालवणार तेही विचारून घेतलं.

ट्रेलर विकायचा नाही, हे आता आम्ही ठरवलंच आहे. बाकीचं तुझ्या हातात. काल ती जायची तयारी करत होती. तिच्या साड्यांच्या घड्या घालून देताना मला पिशवीच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेला, हवा मोजायचा काटा सापडला. चेन्नईत बारा मजल्यांच्या ऑफिसात ही कुणाची हवा मोजणार, रघू? मी तो काढून परत ट्रेलरच्या खिळ्याला टांगला आणि हे पत्र लिहायला बसले. शनिवारी जरूर ये. पण तिला न्यायला नको, रविवारी दारासुरमला एक मुंज आहे, तिच्या शेजारच्या सीटवर बसायला ये.

तुझीच,
वत्सला अक्का