रक्तपिशाच्चांची पुस्तकं

दिंद्रुड
८ जानेवारी २०२४

ती. वनमाला मावशीस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जैनबबीच्या हाती देते आहे. त्या सासूबाईंना बांगड्या भरायला आल्या होत्या. धारूरच्या आहेत आणि तुला ओळखतात म्हटल्यावर मला धीर आला. माझा फोन दिवाळीत पाण्यात पडला. यांनी, विजयसिंहांनी, दुरुस्तीला नेला, तो अजून आलेला नाही. विचारलं की म्हणतात, माझ्या फोनवरून बोल, मी काय परका आहे का. मग मी यांच्या शेजारी बसून तुझ्याशी बोलते आणि सगळं छान आहे म्हणते.

तसं छानच आहे. सासरे, विठ्ठलराव, पुढारी माणूस. सकाळपासून दारात गाड्या लागतात. छबुबाई, म्हणजे सासूबाई, माझ्या ताटात तूप वाढताना हात आखडत नाहीत. कुणी आवाज चढवत नाही. फक्त माझ्या बी.एड.च्या परीक्षेचा विषय काढला की सगळे हसतात आणि चहा येतो.

तुझ्या कपाटातली ती रक्तपिशाच्चांची पुस्तकं पाठवशील का? आई गेल्यावर तुझ्याकडे राहून वाचली होती, ती सगळी पुन्हा वाचायची आहेत.

माया आहे तेवढी असू दे.
तुझी
संस्कृती


धारूर
१९ जानेवारी २०२४

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.

नवी नवरी एखादी प्रेमकथा मागवते, तू पिशाच्चं मागवलीस. जैनबबीच्या टोपलीत बांगड्यांखाली तीन पुस्तकं ठेवली आहेत. ती म्हणाली, तुमच्या पोरीचं लई येगळं हाय.

तुझ्या वयाची असताना मी ती भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचायचे. आपल्या धारूरच्या उन्हात डोकं तडकतं, आणि पुस्तकात सदा धुकं, काळा झगा, मेणबत्त्या. संध्याकाळी किल्ल्यावर जाऊन बसायचे, की कुणी यावं आणि मला उचलून न्यावं. शेळ्यांखेरीज कुणी आलं नाही. पण भीती वाटण्यातही सुख असतं, हे तेव्हा कळलं.

तुझं सुख मात्र मला नीट कळेना. घरात धाक आहे का? परीक्षा मार्चात आहे ना, अभ्यास सोडू नकोस.

तब्येतीला जप, आणि मावशीला धरून राहा.
वनमाला


दिंद्रुड
६ फेब्रुवारी २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

धाक नाही गं. असता तर तुला सांगता आलं असतं.

पुस्तकातली मुलगी त्या गढीत पोचते, तेव्हा यजमान स्वतः तिची पेटी उचलतो. जेवायला वाढतो, मऊ अंथरूण देतो. घरी कळव म्हणतो, की मी खुशाल आहे. आणि ती तसं कळवतेही. ते पान मी इथं पुनःपुन्हा वाचते. आपल्यासारखं कुणाला तरी झालं होतं असं वाटतं. शिवाय तिथं निदान दात तरी दिसतात.

परवा शेजारच्या बाईंसोबत देवळात गेले. परत आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, तू नसलीस की मला करमत नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढा जीव लावणारा नवरा कुणाला मिळतो. त्यानंतर मी उंबऱ्याबाहेर गेले नाही. डॉक्टर घरी येऊन गेले, अंगात रक्त कमी आहे म्हणाले. दिवसभर झोप येते.

अजून एक सांगते, कुणाला बोलू नकोस. पुस्तकातल्या त्या मुलीला यजमान आवडत असतो. तो आला की ती स्वतःच मान पुढं करते. मलाही विजयसिंह आवडतात.

माझ्यावरचं मन उणं करू नकोस.
संस्कृती


धारूर
२३ फेब्रुवारी २०२४

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.

गुरुवारी मी येऊन गेले, हे तुला कुणी सांगितलं का? छबुबाईंनी पुरणपोळी वाढली, ओटी भरली. तू झोपली आहेस, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, म्हणाल्या. मी वर जाते म्हटलं, तर माझा हात हातात धरून म्हणाल्या, आता कशाला उठवता, पुढल्या खेपेला या. आणि मी ओटी सांभाळत परत निघाले. त्या घरात नाही म्हणायला जागाच सापडत नाही.

रस्त्याला लागल्यावर सोबत आलेली जैनबबी म्हणाली, पोरगी वर खिडकीत हुबी हाय की. मग कावून हाक मारली न्हाई तिनं?  तुला मी ते विचारत नाही.

तुझ्या कॉलेजातून हॉल तिकीट आणलं आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी, पंधरा मार्चला, मी सकाळी दिंद्रुडच्या स्टँडवर बसेन. घरात पुन्हा येणार नाही, मला गोड बोलून बाहेर काढतील. तुलाच खाली उतरावं लागेल. नाही आलीस तरी माझी राहशील.

वनमाला


बीड
१६ मार्च २०२४

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू मला होस्टेलवर सोडून गेलीस. एसटीत तू काही विचारलं नाहीस, म्हणून लिहिते.

त्या सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. मी जिना उतरले आणि सगळ्यांपुढं सासूबाईंना म्हटलं, परीक्षेला बीडला निघाले, मावशी स्टँडवर थांबली आहे. एवढ्या माणसांत सासऱ्यांना नाही कसं म्हणता येणार? त्यांनी हसून सगळ्यांना सांगितलं, आमची सून शिकलेली आहे. मग गाडी काढायला सांगितली. मी पायीच निघाले. हे फाटकापर्यंत आले आणि हळू म्हणाले, तू येईपर्यंत मी जेवणार नाही.  तुझ्यापर्यंत कशी पोचले, माझं मला ठाऊक.

आज पहिला पेपर सुटला तर हे गाडी घेऊन बाहेर उभे. दाढी न केलेली, डोळे ओढलेले. गाडीचं दार उघडून धरलं होतं. चल म्हणाले, रोज मीच परीक्षेला आणून सोडतो. मावशी, मला बसायचं होतं. पेन हातात होतं, ते घट्ट धरून उभी राहिले.

मग त्यांना समोरच्या खानावळीत नेलं. त्यांच्यासाठी ताट मागवलं आणि ते जेवेपर्यंत समोर बसले. आधी घास उतरेना, मग तीन भाकरी खाल्ल्या. माझ्यावाचून माणूस जेवू शकतो, हे आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच पाहिलं असेल. हात धुऊन ते गाडीत बसले. मी होस्टेलवर चालत आले आणि खोलीत येऊन पोटभर रडले.

पुढं काय करायचं ते ठरलेलं नाही. उद्याचा पेपर मानसशास्त्राचा आहे. आता अभ्यासाला बसते.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी
संस्कृती