गोळीनंतरचे मंगळवार

६ सप्टेंबर, शनिवार

छातीला वायरी चिकटवून दिवसभर जे यंत्र बांधलं होतं, त्याचा कागद आज आला. डॉक्टर म्हणाले, मध्येच हृदय पळत सुटतं. घाबरण्यासारखं नाही, पण असंच सोडूनही चालणार नाही. बीटा ब्लॉकर म्हणून गोळी असते, ती रोज सकाळी. "आणि मनानं बंद करायची नाही, छायाताई. एकदम बंद केली तर त्रास वाढतो." पूजाने बाकीचं सगळं खोदून खोदून विचारलं. फार्मसीला आहे ना पोरगी!

धडधड कधी होते, असं विचारलं त्यांनी. वाकल्यावर, जिना चढल्यावर — एवढंच सांगितलं. मंगळवारचं नाही सांगितलं.

८ सप्टेंबर, सोमवार

पहिली गोळी. एवढीशी.

सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात नवं कायपण सुरू करू नये. गोळीसुद्धा." पितरांचं आणि गोळीचं काय वाकडं आहे, असं मी मनातच विचारलं. मोठ्याने विचारायची सोय नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

देवी आली नाही.

ओटीवर बायका जमल्या होत्या. लंकाबाई पार हरसूलहून जीप बदलत आलेली, जावयाचं विचारायला. एरवी आरती सुरू झाली की आधी कानात ठोके पडतात, मग गळ्यात, मग हात थरथरतात आणि पुढचं मला काही ठाऊक नसतं. काय बोलले ते नंतर बायका सांगतात. आज आरती संपली तरी देवघरापुढे मीच बसलेली. गुडघे दुखत होते, तेही कळत होतं.

"दमली असंल आई," लंकाबाई म्हणाली. आई म्हणजे देवी. मला कोण विचारतं!

१२ सप्टेंबर

हातपाय गार. झेंडू खुडताना बोटं वळत नाहीत. धडधड मात्र एकदाही नाही. याचा आनंद व्हायला हवा होता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजही नाही.

इथे तरी खरं लिहिते. मला देवीची ओढ आहे ती नुसत्या भक्तीने नाही. सात वर्षांपूर्वी वणीच्या गडावर पहिल्यांदा माझ्या अंगात आलं. त्याआधी ह्यांचा हात उठायचा. भाजी अळणी झाली, क्रेट उशिरा भरले, बाजारात भाव पडला — कारण काहीही चालायचं. सासूबाई तेव्हा आत पातेली आवरत बसायच्या. एकदासुद्धा बाहेर आल्या नाहीत. गडावरून परतलो आणि हात थांबला. देवीच्या अंगावर कोण हात टाकणार? पूजाला बारावीनंतर शिकवायचं, हेही म्हणे देवीनेच सांगितलं. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं का कोणी?

आता छाती गप्प आहे. देवी नाही तर मग मीच उरले. नुसती छाया. फार भीती वाटते.

१९ सप्टेंबर

पावसाने झेंडू सडला. दसऱ्याला विकायचा होता. ह्यांनी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. "देवी घालवून बसली आन् वर गोळ्या खाती!" भिंतीवरचं वरण मी पुसलं.

सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळीनं आईला कोंडलंय. फेकून दे." पूजा हळूच म्हणाली, "बंद नको करू हं, आई." दोघींनाही हो म्हटलं.

२२ सप्टेंबर

घट बसले. आज गोळी घेतली नाही. कालही नव्हती घेतली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

दुपारीच सुरू झालं. आरतीपर्यंत छाती फुटते की काय असं झालं. कानात ठोके, गळ्यात ठोके, हात थरथरायला लागले. मला वाटलं, आली! डोळे मिटले. आई, ये. ये गं बाई. घामाने पोलकं भिजलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी आडवी झाले. पण सगळं कळत होतं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला तेही कळत होतं. धडधड आली, देवी नाही आली.

म्हणजे गोळीचाही दोष नाही. तिनेच मला सोडलं. की कधी नव्हतीच ती? हा विचार मनात आला आणि मी तोंडात पदर कोंबून रडले.

२४ सप्टेंबर

पूजा डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते खूप बोलले. गोळी परत सुरू. रिक्षात पूजा म्हणाली, "देवी काय फक्त मंगळवारची असते का?" तिला काय सांगू? मारलेलं तिला आठवतं की नाही, कधी विचारलं नाही; शाळेत होती तेव्हा. आठवू नये म्हणूनच तर सगळं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज हात उठला. सात वर्षांनी. सासूबाई आतच होत्या.

२८ सप्टेंबर

गालाची सूज थोडी उतरली. पूजाला दाराची कडी लागली म्हणून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसला नाही.

परवा अष्टमी. सगळं गाव येईल. हे म्हणतात, "अष्टमीला आली नाय देवी, तर तुझं ढोंग मीच सांगतो सगळ्यांना. मग पोरीचं कॉलेजपण बघतो." खोटं घुमून बघावं असं मनात आलं. नाही जमणार. सात वर्षं जे खरं म्हणून जगले त्याचं नाटक कसं करू? काही सुचत नाही. विहिरीच्या बाजूला जायचं टाळते आहे, एवढं लिहून ठेवते.

३० सप्टेंबर, मंगळवार, अष्टमी

आरती झाली. मी तशीच बसलेली. ह्यांनी भर ओटीवर माझा दंड धरला. "ऊठ! दाव तुझी देवी!" हात वर गेला.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. अंबाडा सुटलेला, कपाळभर कुंकू. घुमायला लागल्या. त्यांच्या अंगात आजवर कधी आलं नव्हतं. "माझ्या लेकीला हात लावला, वाल्मीक, तर तुझं घर ठेवणार नाय! आन् नात शिकंल! तिला कुणी आडवायचं नाय!"

हे तिथेच पालथे पडले. सगळी ओटी खाली वाकली. मी सासूबाईंना सावरायला गेले. घुमता घुमताच त्यांनी डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि कानात पुटपुटल्या, "आजची गोळी घेतली का गं?"